दोन फोटोंतला एकच पक्षी, मग नावं दोन का?

प्रश्न : नमस्कार ताई, मुलगा कोस्टा रिकात सॅन होझेला असतो, त्याने दोन फोटो पाठवले, एक घरामागच्या झुडपातला नि एक तोर्तुगेरोचा. दोन्हीत तोच तपकिरी पक्षी, पांढरी भुवई. अ‍ॅप एकाला कॅबॅनिस रेन म्हणतंय, दुसऱ्याला केनब्रेक रेन (रेन म्हणजे wren, छोटे गाणारे पक्षी). मला काही फरक दिसेना. आणि आपल्या इंदूरच्या सिरपूर तलावावरच्या वटवट्याला जुन्या इंग्रजी पुस्तकांत रेन-वार्ब्लर म्हटलंय, तो यांचाच का? — एक वाचक, इंदूर

उत्तर : काका, अ‍ॅप बरोबर सांगतंय. २०१६ पर्यंत हे दोन्ही एकच, प्लेन रेन म्हणायचे, मग गाणी आणि डीएनए बघून त्याचे तीन पक्षी केले, तिसरा इस्थमियन, तो पनामात आणि कोस्टा रिकाच्या नैऋत्य कोपऱ्यात. फोटो मोठा करून कुशीकडचा रंग बघा, कॅबॅनिसची कूस छान बदामी, केनब्रेक एकूणच राखाडीकडे झुकलेला. पण ढगाळ उजेडात हा रंग हमखास फसवतो, म्हणून मी आधी जागाच विचारते. सॅन होझे मधल्या खोऱ्यात, तोर्तुगेरो कॅरिबियन किनाऱ्यावर, मधे डोंगर, म्हणजे सॅन होझेचा तो कॅबॅनिस आणि तोर्तुगेरोचा केनब्रेक, तुमचं उत्तर तिथेच मिळालं.

खरी मजा गाण्यात आहे हो. नर-मादी आळीपाळीने इतकं पटापट गातात की एकच पक्षी गातोय असं वाटतं, आणि तिथले लोक त्याला चिंचिरिगुई म्हणतात, आपण टिटवीला टिटवी म्हणतो ना, तसंच आवाजावरून. मुलाला सांगा, सकाळी मोबाइलवर आवाज रेकॉर्ड कर आणि जागा, तारीख लिहून ठेव. फक्त तो आवाज परत वाजवून पक्ष्याला बोलावू नको म्हणावं, बिचारे दुसरी जोडी आली समजून दाणापाणी सोडून भांडायला धावतात.

वटवट्या मात्र यांचा कोणी नाही, तो शिंपी पक्ष्याच्या कुळातला. शेपटी उभी धरतो म्हणून जुन्या साहेबांनी रेन म्हटलं असावं. खरे रेन ऐंशीहून जास्त, सगळे अमेरिकेकडचे, एकच जात आपल्या बाजूला आली आणि भारतात तीही फक्त हिमालयात. पण सिरपूरला राखी वटवट्या आणि साधा वटवट्या एकाच गवतात दिसतात, तिथे सराव करा. राखीचं डोकं पाटीसारखं करडं, साध्याला फिकट भुवई, आणि गवतातून उडताना कट-कट ऐकू आलं की बहुतेक राखीच.