चुलत्याला क्षमा करायचीय, पण जमत नाही?

बाळा, तुझा बाप्तिस्मा आत्ताच झालाय. क्षमा जमत नाही म्हणून एवढ्यात स्वतःला खाऊ नकोस. चुलत्यानं उसाच्या रानातला तुझा वाटा लाटला, हे नुकसान खरं आहे. ते किरकोळ होतं असं म्हणणं म्हणजे क्षमा नव्हे.

मत्तयाचा 18वा अध्याय पुन्हा वाच. तिथल्या दाखल्यात राजानं एका दासाचं देणं माफ केलं, पण त्या दासानं आपल्या सोबतीच्या दासाला सोडलं नाही. त्या सोबत्याचं देणं होतं शंभर दिनार. दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, म्हणजे शंभर दिनार ही तीन महिन्यांहून जास्त कमाई! येशूनं ते देणं क्षुल्लक ठरवलं नाही. राजानं आधी माफ केलेलं दहा हजार तालांतांचं, म्हणजे फेडताच न येणारं, देणं तेवढं शेजारी ठेवलं.

आणि क्षमा केली म्हणून लगेच विश्वास टाकायलाच हवा असंही नाही. योसेफाला भावांनीच विकलं होतं. त्यानं त्यांना जवळ केलं, पण ओळख देण्याआधी धाकट्या बन्यामिनाच्या गोणीत चांदीचा प्याला ठेवून त्यांना पारखलं. सातबाऱ्यावरचा हक्क मागणं म्हणजे सूड नव्हे, असं माझं ठाम मत आहे.

उद्या महाद्वार रोडवर तो समोर आला तर वाट बदलू नकोस. ‘काका, बरं हाय न्हवं?’ एवढं पुरे. पोटात कालवलं तरी चालेल. रात्री प्रार्थनेत त्याचं नाव घे, त्याच्या गुडघेदुखीसाठी माग. शब्द सुरुवातीला कोरडेच येतील. राग पुन्हा उसळला तर क्षमा खोटी होती असं समजू नकोस. किती वेळा क्षमा करायची असं विचारणाऱ्या शिष्य पेत्राला येशूनं सांगितलेलं ‘सत्तर वेळा सात’ एकाच घावासाठीही लागतं. फारच जड झालं तर पाळकसाहेबांना भेट. रविवारी उपासनेनंतर मीही थांबतो.