गिनी पिगच्या खाद्यात हळद, ओवा, लसूण मिसळावं का?

तुम्ही विचारलंय की, मुलाने पाळलेल्या दोन गिनी पिगची प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून त्यांच्या पेलेटमध्ये (दाबून केलेल्या गोळ्यांच्या खाद्यात) हळद, ओवा आणि लसणाची पूड मिसळावी का, आणि मिसळली तर किती. माझ्या मते हळद-ओवा देऊ नका, आणि लसूण तर अजिबातच नको.

मी वसमतचा. आमच्या वावरात हळदच असते, घरात कुणाला खरचटलं तरी आधी हात हळदीच्या डब्याकडे जातो. म्हणूनच तुम्ही करायला निघालात तीच चूक मी दोन वर्षांपूर्वी केली. लेकीची मादी सुस्त पडली होती, केस पिंजारले होते. खाद्याच्या दुकानात सांगितलं, हळद-ओवा चारा, पोट सुटेल. मी पेलेटला दोन्हीची पूड चोळली. ती वाटीपाशी यायची, हुंगायची, शिंकायची आणि वाटी नाकाने बाजूला सारायची. हनुवटीचे पांढरे केस तेवढे पिवळे झाले. चौथ्या दिवशी उचलायला गेलो तर किंचाळली. मागच्या पायाचा सांधा सुजलेला बोटांना लागला. परभणीला पशुवैद्यांकडे नेली तेव्हा कळलं, स्कर्व्ही. क जीवनसत्त्व कमी पडलं होतं आणि मी चार दिवस मसाल्यात घालवले होते.

माणसासारखंच गिनी पिगलाही क जीवनसत्त्व अंगात तयार करता येत नाही. किलोमागे रोज 10 ते 30 मिलिग्रॅम बाहेरून मिळावं लागतं, गाभण मादीला जास्त. पेलेटमध्ये ते घातलेलं असतं, पण साठवणीत उडत जातं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली ठेवलेल्या पोत्यात तर काय उरत असेल! पाण्यात औषध टाकायचा सल्लाही ऐकू नका, पाण्यात ते लवकर नासतं आणि कुणी किती प्यायलं हेही कळत नाही. ढोबळी मिरचीची फोड, पेरूची लहान फोड, कोथिंबिरीच्या काड्या, हे रोज ताजं द्या. आजारी असेल तर डोस डॉक्टरांकडूनच.

आता गिनी पिगच्या खाद्यात मसाल्याची पूरकं घालतात असं तुम्ही वाचलंय, त्याबद्दल. ती गोष्ट खोटी नाही, फक्त ती आपल्या घरची नाही. पेरू, इक्वेडोर, बोलिव्हिया या दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताच्या देशांत गिनी पिग मांसासाठी पाळतात, त्याला तिथे कुय म्हणतात. पिंजऱ्यांत शेकडो पिल्लं असली की रोग पसरतो आणि वाढ खुंटते. युरोपीय संघाने 1 जानेवारी 2006 पासून वाढीसाठी खाद्यात प्रतिजैविकं घालणं बंद केल्यावर वनस्पतींच्या अर्कांकडे जगभर लक्ष वळलं. ओरेगॅनोच्या तेलात कार्व्हाक्रॉल आणि थायमॉल ही जंतू मारणारी द्रव्यं असतात, आपल्या ओव्यातही थायमॉलच. दालचिनी, हळद, लसूण यांचेही प्रयोग होतात. पण तिथे अर्क मोजून घालतात आणि कळपाची वजनवाढ मोजतात. डब्यातल्या पुडीत किती काय आहे, हे आपल्याला कसं कळणार?

आणि मापाचा विचार करा. 800 ग्रॅमच्या जिवाला अर्धा ग्रॅम हळद म्हणजे 60 किलोच्या माणसाने एका वेळी 37 ग्रॅम खाण्यासारखं. त्यात बाजारात रंगासाठी शिशाचं क्रोमेट लावलेली हळदही सापडते, ती तर माणसालाही विष.

मला सगळ्यात जास्त भीती पोटाची वाटते. गिनी पिगचं गवत पचतं ते आंधळ्या आतड्यातल्या (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या पिशवीतल्या) जंतूंच्या जोरावर. म्हणून तर तोंडावाटे पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन दिलं की चांगले जंतू मरतात, घातक माजतात आणि जनावर दगावू शकतं. ज्या तेलांची ख्याती जंतू मारण्याचीच आहे, ती अंदाजाने त्याच आतड्यात का सोडायची? लसूण आणि कांदा गिनी पिगच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडू शकतात. मिरचीपूड तर खोलीतही उडू देऊ नका. खोकल्याच्या संशोधनात मिरचीतलं कॅप्सेसिन हुंगवून खोकला आणायला हाच प्राणी वापरतात, इतका तो नाजूक.

नावावरून एक घोळ होतो तोही सांगतो. लसूणघास हा गुरांचा हिरवा चारा, त्याचा लसणाशी संबंध नाही. तो विषारी नाही, पण त्याच्यात कॅल्शियम फार, मोठ्या गिनी पिगला रोज दिला तर मूतखडा होऊ शकतो. पिल्लांना आणि गाभण मादीला चालतो. बाकीच्यांना वाळलेलं मारवेल गवत किंवा धुतलेली हरळी सतत समोर हवी. दात जन्मभर वाढतात, ते गवत चावूनच झिजतात. आमची मादी सावरली ती क जीवनसत्त्वाच्या थेंबांनी आणि हरळीनेच. आठवडाभरात सांधा उतरला आणि सकाळी फ्रीजचं दार उघडलं की शिट्टी मारायला लागली.

मुलाला दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर दोघांचं वजन करून वहीत लिहायला सांगा. 50 ग्रॅमने घटलं तर डॉक्टरांना फोन करा. आणि एक दिवस जरी खाणं बंद झालं, लेंड्या कमी झाल्या, तर घरगुती काही न करता त्याच दिवशी दवाखाना गाठा.