‘हे तर सर्वश्रुत आहे’ म्हणून पेटंटचा क्लेम (हक्काचा दावा) फेटाळला तर?

प्रश्न : आमच्या ठिबक सिंचनाच्या कंट्रोलरसाठी अमेरिकेत पेटंटचा अर्ज केला आहे. प्रेशर सेन्सरचा सिग्नल तुटला की व्हॉल्व्ह आहे त्याच स्थितीत राहतो, हा त्यातला गाभा. एक्झामिनरने (पेटंट ऑफिसच्या तपासणी अधिकाऱ्याने) दाखवलेल्या जुन्या पेटंटात अशा वेळी व्हॉल्व्ह बंद होतो. तरीही ‘आहे तसा ठेवणे सर्वश्रुत आहे’ एवढंच लिहून कलम १०३ (जाणकाराला सहज सुचेल अशा गोष्टीला पेटंट नाही) खाली फायनल रिजेक्शन, म्हणजे अंतिम नकार आला. अपील करावं का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आधी जुनी पत्रं काढून बघा, ते ‘सर्वश्रुत’ पहिल्यांदा कुठे आलं? आधीच्या ऑफिस अ‍ॅक्शनमध्ये (एक्झामिनरच्या पत्रात) असेल आणि लगेचच्या उत्तरात तुम्ही हरकत घेतली नसेल, तर ती गोष्ट तुम्हाला मान्य आहे असं धरलं जातं. अपील इथेच अडकू शकतं. फायनलमध्ये नव्याने आलं असेल तर आधी तिथेच उत्तर द्या. ‘पुरावा कुठाय?’ एवढं पुरत नाही. ते सर्वश्रुत का नाही, याचं कारण लिहावं लागतं. मग एक्झामिनरला छापील आधार द्यावा लागतो, नाहीतर स्वतःच्या माहितीचं शपथपत्र.

तुमच्याकडे कारण आयतंच आहे. जुन्या पेटंटात पाणी वाहून जाऊ नये म्हणून व्हॉल्व्ह बंद होतो असं लिहिलं असेल, तर तो कॉलम आणि ओळ उद्धृत करा. व्हॉल्व्ह उघडाच राहिला तर त्या यंत्राचा हेतूच बुडतो. मग कोणी तसा बदल कशाला करेल?

एक्झामिनर अमेरिकी सुप्रीम कोर्टाच्या २००७ च्या केएसआर निकालातल्या ‘कॉमन सेन्स’चा हवाला देईल. त्याच निकालात तर्क शब्दांत मांडायला सांगितलं आहे, हे दाखवा. पेटंटची अपिलं ऐकणाऱ्या फेडरल सर्किट कोर्टाच्या २०१६ च्या अरेंडी विरुद्ध अ‍ॅपल निकालाने तर क्लेममधला गायब घटक, तोही महत्त्वाचा, पुराव्याशिवाय कॉमन सेन्सने भरून काढणं नाकारलं. तुमचं प्रकरण अगदी त्याच जातीचं आहे.

तज्ज्ञाचं डिक्लरेशन (सही केलेलं निवेदन) जोडायचं असेल तर नोटीस ऑफ अपीलच्या, म्हणजे अपील करत असल्याच्या सूचनेच्या, आधीच द्या. नंतर ते क्वचितच दाखल करून घेतात. नोटीस फायनलपासून ३ महिन्यांत (जादा फी भरून ६ पर्यंत), ब्रीफ (अपिलाचं सविस्तर लेखी म्हणणं) नोटीसपासून २ महिन्यांत. नोटिशीसोबत ५ पानांपर्यंतची प्री-अपील विनंती (ब्रीफच्या आधीच नकार पुन्हा तपासा, अशी) देता येते. एकच ढळढळीत चूक असेल तेव्हा ती जरूर द्यावी, ब्रीफचा खर्च वाचू शकतो. ब्रीफमध्ये मात्र काही राखून ठेवू नका, तिथे न मांडलेला मुद्दा अपील ऐकणारं बोर्ड सहसा विचारात घेत नाही.