पहिल्यांदाच कालवड प्रदर्शनात नेताय?
गोरेगाव-जोगेश्वरीच्या तबेल्यांत जागा तोकडी, म्हणून एकाच कालवडीपासून सुरुवात करा. शक्यतो डांगी जातीची, ती पावसाला दाद देत नाही. ३ महिने आधीपासून रोज १५ मिनिटं म्होरकी (तोंडावर बांधलेली दोरी) धरून चालवा. धरणारं माणूस मात्र बदलत राहा. एकट्या बाबांच्याच हाताची सवय लागली, तर रिंगणात पोरांना ती फरफटत नेते. खूर महिनाभर आधी तासून घ्या. आदल्या दिवशी तासलेत तर लंगडेल, आणि पंच चालही बघतात. लाळ-खुरकुताची लसही महिनाभर आधीच, नाहीतर ऐन वेळी ताप. कानातला ओळखीचा १२ अंकी बिल्ला तपासा. चारा घरचाच न्या. परगावच्या पाण्याला जनावर तोंड लावत नाही. आठवडाभर आधीपासून पाण्यात किंचित गूळ घाला, तिथेही तोच. शिंगांना तेल थेंबभरच, उगाच चोपडू नका.