जुन्या घराच्या दुरुस्तीचा हिशोब का लागत नाही?

जुन्या घराचा सौदा ठरत आला की नवरा-बायकोत अबोला सुरू होतो, हे मी कितीतरी जोडप्यांकडून ऐकलं आहे. घर आवडलेलं असतं, भाव बसत असतो, पण ‘दुरुस्तीत पैसा किती ओतावा लागेल कोणास ठाऊक’ इथे गाडं अडतं. मी समुपदेशक आहे; घर घ्या किंवा घेऊ नका हे मी सांगत नाही. हिशोब का लागत नाही, ते मात्र त्यांच्यासोबत शोधते.

निखिल आणि मृदुला (नावं, तपशील बदललेले) यांनी कोथरूडमध्ये एक रीसेल फ्लॅट पाहिला होता. इमारत १९८८ची, दुसरा मजला, लिफ्ट नाही, किंमत ७८ लाख. निखिलने बसल्या बसल्या लॅपटॉप उघडला. प्लंबिंग, वायरिंग, बाथरूमचं वॉटरप्रूफिंग, ओटा, खिडक्या. सगळं मिळून ६ ते ११ लाख. शेवटची ओळ होती ‘आणखी काही निघालं तर’, आणि तिच्यासमोरचा रकाना रिकामा.

“बाथरूमच्या बाहेरच्या भिंतीला पोपडे आलेत,” तो म्हणाला. “किल्लीने ठोकून पाहिलं, बद्द आवाज येतो.”

“चार कॉन्ट्रॅक्टर नेले याने,” मृदुला म्हणाली. “चौघांचे चार आकडे. प्रत्येक वेळी हिशोब पहिल्यापासून.”

आधी मी त्यांना ठरलेले आकडे मांडायला लावले. बँक ८० टक्के देणार, म्हणजे स्वतःचे १५ लाख ६० हजार. दोघांच्या नावावर घर, म्हणून मुद्रांक शुल्क ७ टक्के, ५ लाख ४६ हजार. नोंदणीचे ३० हजार. हे शुल्क बँक कर्जात धरत नाही. साठवलेल्या ३० लाखांतून दुरुस्तीला साडेआठ लाख उरत होते. एवढं कागदावर आल्यावर मी विचारलं,

“समजा, १४ लाख लागले. मग?”

“वरचं कर्ज काढू. गाडी लांबणीवर टाकू.”

“आणि १६?”

“ओटा, खिडक्या नंतर करू. राहता येईल.”

“म्हणजे निभेल. मग झोप का लागत नाही?”

तो गप्प झाला. मृदुला हळूच म्हणाली, “दादांमुळे.”

बऱ्याच वेळाने निखिल बोलला. “दादाने बाणेरला नव्या टॉवरमध्ये घेतलंय. उद्या आमच्या भिंतीतून पाणी आलं तर तो काही बोलणार नाही. नुसता बघेल.”

दुसऱ्या एखाद्या समुपदेशकाने इथे भावाभावांचं बालपण उकरलं असतं. मी विवेकनिष्ठ पद्धतीची आहे; त्रास देणारा अविवेकी विचार शोधून तो बदलायचा, ही ती पद्धत. तिचे जनक, मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी ज्या हट्टावर बोट ठेवलं, तो मला समोर स्वच्छ दिसला: माझा निर्णय चुकताच कामा नये, चुकला तर मी मूर्ख ठरलो. घर नीट निघावं ही इच्छा रास्त आहे. तिचा हट्ट झाला की तो रिकामा रकाना कितीही लाख घाला, भरत नाही. तिथे अब्रू मोजली जात असते. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांचा हिशोब इथेच अडकलेला असतो.

“वाक्य पुरं करा,” मी म्हटलं. “भिंतीतून पाणी आलं, तर...”

“तर दादा...”

“दादा नकोत. पाणी आलं, तर?”

तो माझ्याकडे बघत राहिला. मग खांदे सैल सोडून म्हणाला, “तर प्लंबरला बोलवावं लागेल.” मृदुला हसली, पाठोपाठ तोही. त्या क्षणासाठी मी हे काम करते.

त्यानंतर त्यांना सुचलेले मुद्दे उपयोगाचे होते, म्हणून इथे देते. कॉन्ट्रॅक्टरच्या आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर न्या; घर घेण्याजोगं आहे का हे तो सांगतो, कॉन्ट्रॅक्टर फक्त कामाचा भाव सांगतो. तीस वर्षांवरच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट सोसायटीने दर तीन वर्षांनी करायचं असतं, तो अहवाल मागा. सर्वसाधारण सभेची इतिवृत्तं वाचायला मागा, कारण रीडेव्हलपमेंटची चर्चा पुढे गेली असेल तर तुमच्या नव्या टाइल्स इमारतीबरोबर पाडल्या जातील. ओल पावसाळ्यात पाहा. उन्हाळ्यात ताजा रंग मारून ती झाकता येते. गळती, वायरिंग, ड्रेनेज राहायला जाण्याआधी; फर्निचर, फॉल्स सीलिंग वर्षभर राहून मग. आणि ‘आणखी काही निघालं तर’ समोर आकडा लिहाच. त्यांनी अडीच लाख लिहिले.

इंजिनिअरला शाफ्टमधल्या कॉलमच्या गंजून उघड्या पडलेल्या सळया दिसल्या, आणि सोसायटीकडे दुरुस्ती निधी जवळजवळ नव्हता. टोकन दिलेलं नव्हतं. त्यांनी तो फ्लॅट शांतपणे सोडला. पुढे त्याच भागात तितकाच जुना दुसरा फ्लॅट घेतला. तो दाखवायला निखिल दादांना स्वतःहून घेऊन गेला, आणि ओल कुठे आहे तेही त्यानेच दाखवलं.