डिंकाचे लाडू देते, तरी लेक रडतेच

प्रश्न : मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आहे. बाळ पाच आठवड्यांचं, गुटगुटीत. तिला डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, मेतकूट-तूप-भात वेळच्या वेळी देते. फळं बंद, पाणी बेतानंच. तरी ती धड जेवत नाही. बाळ झोपलं तरी हिचा डोळा लागत नाही. 'मला हे जमायचं नाही' म्हणत रडते. दृष्टही काढली. आणखी काय खायला घालू?
– एक आई, कराड

उत्तर : ताई, आधी पाण्याचा तांब्या तिच्या उशाशी ठेवा. पाण्यानं पोट सुटत नाही. अंगावर पाजणाऱ्या बाईला तहान जास्त लागते, हवं तेवढं पिऊ द्या. पेरू, पपई, पालेभाजी सुरू करा. मेतकूट-भात मलाही प्रिय, पण त्याच्या जोडीला घट्ट वरण, उसळ, चालत असेल तर अंडं हवं. अळिवात लोह भरपूर, मात्र दुधातल्या कॅल्शियममुळे ते अंगी कमी लागतं. त्यापेक्षा ओल्या नारळाचे अळिवाचे लाडू करा. लोहाची गोळी बाळंतपणानंतरही १८० दिवस घ्यायची असते. बऱ्याच घरांत ती बाळ घरी आलं की कपाटात जाते, तुमच्याकडचं बघा. चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर ती देऊ नका.

पण पत्रात मला खटकलं ते जेवण नव्हे. बाळ झोपलेलं असताना आईला झोप न येणं, हे खटकलं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाळंतिणी रडतात, दोनेक आठवड्यांत ते ओसरतं. पाच आठवडे रडणं हे बहुधा बाळंतपणानंतरचं नैराश्य आहे. तो आजार आहे, दृष्ट नाही आणि तिचा नाजूकपणाही नाही. या आठवड्यातच डॉक्टरांकडे न्या, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या, मानसोपचारतज्ज्ञांकडे जाण्यासाठी चिठ्ठी मागा. अंगावर पाजताना चालणारी औषधं आहेत. दूध तोडावं लागेल या भीतीनं थांबू नका. तोवर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

तिला सरळ विचारा, 'जीव नकोसा वाटतो का?' विचारल्यानं तसं काही मनात येत नाही. 'हो' म्हणाली, बाळाला काही करून बसेन म्हणाली किंवा भलतंसलतं बोलू लागली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा आणि क्षणभरही एकटी सोडू नका.

जावईबापूंना हे कळवलंय का? नसेल तर आजच कळवा. डॉक्टरांकडे त्यांनीही यावं. रात्रीचे लंगोट बदलायला आठवडाभर राहिले तर फारच उत्तम.