सीएनसी राउटरचं होमिंग दर वेळी वेगळ्या जागी येतं. महागडे लिमिट स्विच घेऊ का?

तुम्ही लिहिलंय की जीआरबीएलवर (अर्डुइनोवरचं मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) चालणारा राउटर होम केला (लिमिट स्विचला टेकवून शून्य ठरवला) की एक्सचा शून्य कधी ०.२, कधी ०.३ मिमी सरकतो, आणि स्पिंडल चालू असताना मधेच लिमिटचा अलार्म येतो. ही दोन वेगळी दुखणी आहेत, आणि बहुतेक वेळा दोन्हींत स्विच निर्दोष असतो.

आधी मोजा. मॅग्नेट बेसवर डायल (सूक्ष्म अंतर मोजणारं काट्याचं माप) लावा (बेड अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर लोखंडी पट्टी क्लॅम्प करून तिच्यावर), होम करा, ठरावीक अंतर जॉग करून (हाताने आज्ञा देऊन सरकवून) गॅन्ट्री (स्पिंडल वाहणारी सरकती चौकट) डायलला टेकवा, आकडा लिहा. असं दहा वेळा. मग स्विचच्या ब्रॅकेटला बोट लावून पाहा. माझ्या पहिल्या मशीनवर पातळ पत्र्याचा एल होता, करंगळीने दाबला तरी डायलचा काटा हलायचा. त्याजागी ६ मिमी जाडीचा अँगल लावला आणि फरक ०.०२ च्या आत आला. स्विच तोच, रोलरवाला साधा मायक्रोस्विच. रोलरला गॅन्ट्री समोरून धडकू देऊ नका. उतार दिलेली पट्टी बाजूने घासून पुढे जाईल असं बसवा, म्हणजे गॅन्ट्री थोडी पुढे गेली तरी काही मोडत नाही.

आता वेग. जीआरबीएलच्या सेटिंगमध्ये $२५ हा स्विच शोधायचा वेग, $२४ हा दुसऱ्यांदा हळू टेकायचा. मूळ सेटिंग ५०० आणि २५ मिमी प्रतिमिनिट. शून्य ठरतो तो या दुसऱ्या स्पर्शावर, आणि लोक घाईपायी नेमका तोच वाढवून ठेवतात. $२५ हवा तर वाढवा, $२४ ला हात लावू नका. $२७ मध्ये मागे सरकायचं अंतर १ मिमी असतं. लिव्हरवाला स्विच तेवढ्यात सुटत नाही, मग अलार्म ८ येतो. २-३ मिमी करा.

मधेच येणारा अलार्म हा व्हीएफडीचा (स्पिंडलचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हचा) नॉइज असणार. तुमचे स्विच एनओ (एरवी उघडे, दाबल्यावर जुळणारे) जोडलेले असतील, तर उघडी वायर अँटेनासारखी वागते, कारण अर्डुइनोचा आतला पुल-अप (पिनला वरच्या व्होल्टेजकडे ओढून धरणारा रोध) फार कमकुवत असतो. एनसी (एरवी जुळलेले, दाबल्यावर उघडणारे) जोडा आणि $५=१ करा, म्हणजे जीआरबीएल लिमिटचा सिग्नल उलटा वाचेल. सिग्नल ग्राउंडला घट्ट बांधलेला राहतो. शिवाय वायर तुटली तर मशीन लगेच थांबतं. एनओमध्ये ते कळतं गॅन्ट्री टोकाला आपटल्यावर. केबल शिल्डेड घ्या, शिल्ड एकाच टोकाला अर्थ करा, स्पिंडलच्या केबलपासून लांब न्या. पिनपाशी ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाकला तर आणखी बरं.

जाता जाता, सर्वो मोटर असलेल्या जुन्या व्हीएमसीवर (उभ्या स्पिंडलचं मशीनिंग सेंटर) होम बरोब्बर स्क्रूच्या एका पिचने (एका फेऱ्यातलं अंतर) सरकत असेल तर वरचं काहीच लागू नाही. तिथे स्विच फक्त ‘हळू हो’ सांगतो, शून्य देतो एन्कोडरचा (मोटरचं फिरणं मोजणाऱ्या सेन्सरचा) मार्कर, फेऱ्याला एकदा. डॉगची (स्विच दाबणाऱ्या ठोकळ्याची) कड मार्करच्या फार जवळ आली की कधी हा मार्कर पकडला जातो, कधी पुढचा. डॉग अर्ध्या पिचने सरकवा.

एवढं करूनही प्रॉक्झी (धातू जवळ आला की न टेकता चालणारा सेन्सर) घ्यायचीच असेल तर एनपीएन (सिग्नल ग्राउंडला जोडणारी), एनसी घ्या आणि समोर लोखंडी बोल्ट ठेवा. अ‍ॅल्युमिनियम तिला बरंच जवळून दिसतं. तिचे १२ किंवा २४ व्होल्ट सरळ अर्डुइनोच्या पिनवर जाऊ देऊ नका, मधे ऑप्टो (दोन्ही बाजूंचं व्होल्टेज वेगळं ठेवून प्रकाशाने सिग्नल पोचवणारा भाग) हवाच.